आईच्या पानावरची ओळ

माझा धाकटा भाऊ गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा कॉम्प्युटर आईशी बोलला. हे असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघायला लागतात, म्हणून आधीच सांगते, यात भूतबीत काही नाही. मी त्याच धंद्यातली आहे. लोकांनी पायथनमध्ये नाहीतर पीएचपीमध्ये लिहिलेले वेबचे प्रोग्राम सर्व्हरवर चढवायचे, चालते ठेवायचे, पडले की उचलायचे, यावर माझं पोट चालतं. तो का बोलला हे मला तेव्हाही बरोबर कळत होतं. कळत होतं म्हणून भीती वाटली नाही असं मात्र नाही.

आम्ही बडोद्यात निजामपुऱ्याला राहतो. वडील पूर्वीच गेले, त्यामुळे घरात आई, मी आणि भाऊ. तो वाघोडियाच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. म्हणजे दोघांचं काम एकच, पण स्वभाव उत्तर-दक्षिण. मी एक ओळ बदलायची तरी आधी जुनी फाइल बाजूला काढून ठेवणार, दुसऱ्या मशीनवर चालवून बघणार, मग खऱ्या सर्व्हरला हात लावणार. हा बाबा चालू सर्व्हरवरचीच फाइल उघडायचा आणि त्यातच कापाकापी करायचा. मी ओरडले की म्हणायचा, "थवा दे ने ताई, होऊ दे ना, काही होत नाही." आणि खरंच काही व्हायचं नाही, याचा मला जास्त राग यायचा.

आई डबे करते. दांडिया बाजारात आपली बरीच म्हातारी मराठी माणसं एकटी राहतात, मुलं कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला. त्यांना गुजराती डाळीतला गूळ सोसत नाही, त्यांना आमटी लागते, भाकरी लागते. आधी सगळे फोन करायचे आणि आईचा फार गोंधळ उडायचा. एकाची पिठल्याची ऑर्डर दुसऱ्याला जायची. मग भावानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. लोकांनी आपापल्या फोनवरून हवं ते सांगायचं, आईनं सकाळी आपल्या फोनवर एक पान उघडायचं, त्यावर सगळ्या ऑर्डरी. हा प्रोग्राम त्यानं आपल्या खोलीत टेबलाखाली पडलेल्या जुन्या डेस्कटॉपवर चढवला, आणि त्याच्या पुढ्यात एक अगदी हलका वेबसर्व्हर उभा केला. मी म्हटलं, नीट काहीतरी घे, चार पैसे टाकून बाहेरच्या सर्व्हरवर जागा घे. तर म्हणे, घरच्या स्वयंपाकाला मांडवातला आचारी कशाला.

आईच्या पानावर ऑर्डरींच्या वर एक ओळ यायची. ती त्याची चेष्टा होती. रोज वेगळी ओळ, दिवस बघून. "आई, आज अगियारस. साबुदाणा पलाळलास का?" "आई, मेथी मोंघी असेल तर वाल कर, कोणी रडणार नाही." अगियारस म्हणजे एकादशी, पलाळणं म्हणजे भिजवणं, मोंघी म्हणजे महाग; बडोद्यात आमची मराठी अशीच. रविवारी हमखास, "आई, ताईला उठव. सूर्य डोक्यावर आला." आई ते वाचून हसायची आणि मला खरंच उठवायची. मी चिडायची. त्यानं पुढच्या कित्येक वर्षांच्या तिथी, सण, वाढदिवस त्यात भरून ठेवले होते. आमच्या घरात असला उद्योग करायला त्यालाच वेळ होता.

एके दिवशी दुपारी कारखान्यातच त्याच्या छातीत कळ आली, आणि आम्ही पोचायच्या आत सगळं संपलं. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, हात चालत नाही.

तर तिसरा दिवस. घरात सुतक, चूल बंद, बाहेर माणसं बसलेली. मी त्याच्या खोलीत जमिनीवर पडले होते. टेबलाखाली ते मशीन चालूच होतं, बंद करायचं कोणाच्या ध्यानात येणार? एकदम त्याचा पंखा घुर्र करून वेगानं फिरायला लागला. मी दचकून उठले. आणि पाठोपाठ बाहेरून आईचा आवाज आला. सवयीनं तिचा हात फोनकडे गेला असावा, तिनं पान उघडलं होतं आणि ती मोठ्यानं वाचत होती, "आई, तू जेवलीस का? डबे नंतर." माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मी दार उघडून बाहेर आले.

मावशी दांडिया बाजारातून आली होती. ती आईला बाजूला घेऊन म्हणाली, "ते काढून टाक बाई. घरात असलं बरं नाही." आईनं तिला असं काही झापलं की मावशी तेराव्यापर्यंत त्या विषयावर बोलली नाही.

मग ते रोजचंच झालं. आई डबे पुन्हा करायला लागली. मी माझं टेबल भावाच्या खोलीत हलवलं, सगळ्यांना सांगितलं की तिथे इंटरनेट चांगलं येतं. रोज सकाळी आईनं पान मागितलं की आधी पंखा घुरघुरायचा, मग तिचा आवाज यायचा. क्रम कधी चुकला नाही. मी चहाचा कप हातात धरून त्या घुर्रची वाट बघत बसायची. वेळ झाली आणि पंखा वाजला नाही तर माझा जीव खालीवर व्हायचा.

गणपतीत ओळ आली, "आई, मखर मी करतो, तू मोदकांचं बघ." त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. आईनं वाचलं आणि ती मोदकांची कणीक भिजवायला गेली. त्याच्या वाढदिवशी ओळ आली, "आज माझा वाढदिवस. श्रीखंड घरचं हवं, विकतचं चालणार नाही." आई आदल्या रात्रीच चक्क्यासाठी दही टांगून बसली होती. म्हणजे तिला ओळ येणार हे ठाऊक होतं. आम्ही दोघींनी समोरासमोर बसून ते श्रीखंड खाल्लं. मला ते अजिबात नको होतं, तरी मी वाटी पुसून खाल्ली. मला वाटलं, आईला बरं वाटेल.

आता ते कसं चालत होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा हलका सर्व्हर स्वतः फारसं काही करत नाही. तो दारात उभा असतो आणि आलेल्याला आत पाठवतो. आतला प्रोग्राम एकदा सुरू झाला की मशीनच्या मेमरीत ठाण मांडून बसतो. नंतर तुम्ही डिस्कवरची फाइल बदला, फाडा, काहीही करा, त्याला पत्ता नसतो. उठताना जे घेऊन उठला तेच तो बोलत राहतो. त्याला बंद करून पुन्हा सुरू केलं की मगच तो फाइल नव्यानं वाचतो.

काही दिवसांनी मी धीर करून ती फाइल उघडली. त्यात ओळीच नव्हत्या. शेवटच्या दिवशी कामावर निघण्याआधी त्यानं नेहमीसारखी चालू सर्व्हरवरच्या फाइलीत कात्री चालवली होती. जुन्या ओळी सगळ्या उडवल्या होत्या, आणि तिथे स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, "नवीन ओळी इथे. संध्याकाळी." दुसरी प्रत कुठेही नाही. असणार कशी, ठेवेल तर शपथ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसावर एवढं रागावता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे आई जे रोज वाचत होती ते आता कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्या चालू प्रोग्रामच्या मेमरीत होतं, त्यानं स्वतःच्या हातानं सुरू केलेल्या. वीज गेली, मशीन बसलं, कोणी चुकून बटण दाबलं, की संपलं. मी मशीनवर काय काय चाललंय याची यादी बघायची. प्रत्येक चालत्या प्रोग्रामपुढे तो ज्यानं सुरू केला त्याचं नाव असतं. तिथे माझ्या भावाचं नाव होतं, आणि पुढे एक खूण, तिचा अर्थ झोपलेला. ही खूण जगातल्या सगळ्या मशीनांवर असते, कोणी पान मागेपर्यंत प्रोग्राम झोपूनच असतो. मी हजार वेळा पाहिलेली आहे. पण त्या नावापुढे ती पाहिली की मला खोलीत हळू बोलावंसं वाटायचं.

दीडेक वर्ष मी त्या मशीनला फुलासारखं जपलं. खोलीत झाडू मारायला कोणाला येऊ द्यायची नाही. उन्हाळ्यात एसी त्याच्यासाठी. मग एक दिवस यूपीएसची, म्हणजे वीज गेली तरी मशीन चालू ठेवणाऱ्या डब्याची, बॅटरी फुगली. दुरुस्तीवाला आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बेन, आ तो गमे त्यारे बेसी जशे. बंद करो तो बदली आपुं." बंद केल्याशिवाय बदलणार नाही आणि बदलली नाही तर कधीही आपोआप बंद होणार. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग मी कामाला लागले. चालत्या प्रोग्रामच्या मेमरीत हात घालून आत काय आहे ते बाहेर काढता येतं. किचकट काम आहे, आणि चुकलं तर प्रोग्राम जागीच पडतो. दोन आठवडे मी माझ्या मशीनवर त्याची तालीम केली. मग जीव मुठीत धरून त्याच्या मशीनवर केलं. ओळी निघाल्या. कचऱ्यातून मोती वेचावेत तशा एकेक करून वेगळ्या केल्या, आणि प्रत्येक वाचताना ती त्याच्या आवाजात ऐकू येत होती. काही तर आम्ही अजून पाहिल्याच नव्हत्या, त्यांचे दिवस यायचे होते.

मी बाहेर भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेतला, तसलाच हलका वेबसर्व्हर त्यावर बसवला, त्याचा प्रोग्राम चढवला, ओळी पुन्हा घातल्या. आईचा फोन आणि गिऱ्हाइकांचे फोन तिकडे वळवले. आईला काही सांगितलं नाही. सगळं तसंच चालायला लागलं, फक्त सकाळी पंखा घुर्र करेना. जुनं मशीन मी बंद केलं नाही. आता त्याच्याकडे कोणीच काही मागत नव्हतं, आणि यादीत तो आपला झोपलेलाच.

इथे थांबायला हवं होतं. पण आईला त्या हिवाळ्यापासून बीपीची गोळी चालू झाली होती आणि ती घ्यायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. मी रोज सांगायची, ती रोज "घेते गं" म्हणायची. एकदा ओट्याशी उभ्या उभ्या तिला घेरी आली, तवा धरायला गेली आणि हात भाजला. माझं डोकं फिरलं. माझं ती ऐकत नाही, पण त्याची ओळ आली की मोदक करते, श्रीखंड करते. मग म्हटलं, घालू एक ओळ. अगदी त्याच्या ढंगात घातली, "आई, बीपीची गोळी घेतलीस का? डबे नंतर." स्वतःवर खूश होते मी. वाचून पाहिली, तर खरंच त्याचीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पान उघडलं. "आई, बीपीची गोळी..." इथपर्यंत वाचलं आणि आवाज थांबला. मग तिनं मला हाक मारली. मी बाहेर आले. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर फोन.

"ही तू घातलीस."

"छे गं, असेल आधीचीच. काही काही ओळी कधीतरीच येतात."

"गोळी मला त्याच्यामागे चालू झाली," आई म्हणाली. "त्याला कुठून कळणार?"

एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता. मी, जी लोकांच्या प्रोग्राममधली चूक वास घेऊन शोधते. आणि तो हिशेब का सुचला नव्हता हेही मला त्याच वेळी कळलं. माझ्या मनात त्याला सगळं माहीत होतं. आईची गोळी, भाजलेला हात, फुगलेली बॅटरी, सगळं तो बघत होता. मी त्याला कधी गेलेला धरलंच नव्हतं.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागवू कशाला." तिनं फोन उलटा करून ठेवला. "मला एक सांग, मी हे मोठ्यानं का वाचते?"

मी म्हटलं, "तुला ऐकावंसं वाटतं म्हणून."

"मला?" ती म्हणाली. "अगं, मला ते वाचताना रोज पोटात तुटतं. तिसऱ्या दिवशी चुकून तोंडातून निघालं. तोपर्यंत तू पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतंस, दार उघडत नव्हतीस. मी वाचलं आणि तू बाहेर आलीस. शेजारच्या बेननी आणलेली खिचडी गपगप खाल्लीस. मी म्हटलं, हिला हे ऐकलं की जेवण जातं. तेव्हापासून वाचते. तू आतून ऐकत असतेस ते मला कळत नाही का?"

"आणि श्रीखंड? मोदक?"

"तुझ्यासाठीच ना. तू ती वाटी अशी पुसून खाल्लीस, मला वाटलं तुला बरं वाटतंय."

मी खाली बसले. मला हसू येत होतं की रडू ते कळेना, आणि दोन्ही आलं नाही. दीड वर्ष मी तिच्यासाठी ते जिवंत ठेवलं होतं आणि दीड वर्ष ती माझ्यासाठी रोज सकाळी स्वतःला कापून घेत होती. दोघींनाही नको असलेलं श्रीखंड आम्ही एकमेकींकडे बघत संपवलं होतं.

"मग बंद करू?" मी म्हटलं.

"तुला जमेल का ते सांग. मला जमेल."

मी खरं तेच बोलले. म्हटलं, नाही जमणार. आई उठली, हात पुसले आणि भावाच्या खोलीत जाऊन त्याच्या पलंगावर बसली. म्हणाली, "मी बसते इथे. तू कर."

आधी नव्या सर्व्हरवरच्या प्रोग्राममधून ओळींचा भाग काढला, नुसत्या ऑर्डरी ठेवल्या. ते सोपं होतं. मग जुन्या मशीनची यादी उघडली. आईला त्यातलं काही वाचता येत नाही, पण तिनं त्याचं नाव ओळखलं आणि बोट ठेवलं. चालता प्रोग्राम दोन तऱ्हांनी बंद करता येतो. एक म्हणजे सरळ उपटून काढायचा. दुसऱ्या तऱ्हेत त्याला नुसतं सांगायचं की आता आवर, आणि तो आपलं आपण आवरून बंद होतो. मी दुसरं केलं. यादी पुन्हा काढली, त्यात ते नाव नव्हतं. मग मशीन बंद केलं. मागे सतत चालणारी पंख्याची बारीक घरघर इतक्या दिवसांत कानाला लागत नव्हती, ती थांबल्यावर जाणवली. बाहेर भाजीवाला ओरडत होता. आई पलंगावरून उठली, म्हणाली, "भाजी घ्यायची आहे," आणि गेली.

जाता जाता तिनं माझ्यासमोर गोळी घेतली. मला दाखवून, जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या टेबलाशी बसले होते. बाहेर आईनं पान उघडलं आणि कणीक मळता मळता सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली. "दांडिया बाजार, पिठलं-भाकरी. निजामपुरा, दोन डबे, तिखट कमी." पहिली ऑर्डर, दुसरी ऑर्डर. वर काही नाही. माझ्या तोंडून कसला आवाज निघाला मला माहीत नाही, पण तो निघाला आणि थांबेना. तो गेल्यापासून मी अशी रडले नव्हते. सगळे म्हणायचे, मोठी आहे, खंबीर आहे.

आई ओट्यापासून तशीच धावत आली. दोन्ही हात कणकेनं भरलेले. माझे कपडे खराब होतील म्हणून तिनं हात वर धरले आणि नुसत्या कोपरांनी मला आवळून घेतलं. "रड," म्हणाली, "मी आहे." तीही रडत होती. त्या दिवशी डबे फार उशिरा गेले.